चव रजिस्टर

शाळाशाळांतून ‘अग्नीविना पाककला’ नावाची एक स्पर्धा होत असते. लहान मुलांच्या हाती विस्तव देऊ नये, हा हेतू रास्तच आहे. पण विस्तव काढून घेतल्यावर स्वयंपाकातलं काय उरतं, ते स्पर्धेच्या टेबलांवरून एकदा चक्कर मारून बघण्यासारखं असतं. पहिल्या टेबलावर बिस्किटांचा चुरा कंडेन्स्ड मिल्कमध्ये कालवून वळलेले लाडू, वर रंगीत साखरगोळ्या. दुसऱ्यावर कडा कापलेल्या ब्रेडला जॅम फासून केलेल्या गुंडाळ्या. तिसऱ्यावर खारं बिस्किट, त्यावर चीजचा चौकोन आणि चीजवर डाळिंबाचे तीन दाणे. हे तीन दाणे अख्ख्या पदार्थाला ‘हेल्दी’ गटात नेऊन बसवतात. प्रत्येक पदार्थापुढे एक कार्ड असतं. त्यावर ‘पौष्टिक मूल्य’ या मथळ्याखाली आईच्या वळणदार अक्षरात कॅल्शियम, लोह, प्रथिनं आणि ‘अ’पासून ‘ड’पर्यंतची जीवनसत्त्वं हजर असतात. आजवर एकाही कार्डावर एखादं जीवनसत्त्व गैरहजर असल्याचं मी पाहिलेलं नाही.

वास्तविक विस्तवाशिवाय होणाऱ्या पदार्थांचा आपल्याकडे काही दुष्काळ नाही. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, कांदा, मिरची, कोथिंबीर घालायची, नारळाचं पाणी शिंपडायचं, वर झाकण आणि झाकणावर वरवंटा ठेवून द्यायचा की दडपे पोहे तयार. (फोडणीशिवाय त्यांना दडपे पोहे म्हणायचं का, यावर आमच्या सासूबाई रत्नागिरीच्या असल्यामुळे स्वतंत्र सुनावणी घेतील.) गोपाळकाला आहे, भेळ आहे, विदर्भातला तेल-तिखट लावलेला कच्चा चिवडा आहे, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आहे. पण स्पर्धेत ‘प्रेझेंटेशन’ला वेगळे गुण असतात आणि दडपे पोहे दिसायला दडपलेलेच दिसतात. त्यामुळे बिस्किटांचे लाडू पहिले येतात. आमच्या पार्थला यंदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. सकस आहाराच्या स्पर्धेचं बक्षीस म्हणून त्याला चॉकलेटचा डबा देण्यात आला.

नेमका त्याच आठवड्यात माझा भाऊ जळगावहून पिशवीभर भरताची वांगी घेऊन आमच्याकडे डोंबिवलीला आला. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्याने चॉकलेटचा डबा उघडला, दोन खाल्ली आणि मग आहार या विषयावर बोलू लागला. त्याचा या विषयातला अधिकार सरकारी आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झालेल्या शाळेतल्या जेवणाच्या योजनेत (हल्ली तिला ‘पीएम पोषण’ म्हणतात) पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम, लहानग्यांना 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम, हे सगळं त्याला पाढ्यासारखं पाठ आहे. शाळेच्या परसबागेत पोरं मेथी-पालक लावतात. घरी मेथीला शिवत नसलेला पोरगा शाळेत ‘ही माझ्या वाफ्यातली’ म्हणून मागून घेतो, हेही त्याने सांगितलं. पण आमच्या मुलांचे कान टवकारले ते भलत्याच गोष्टीवर. शिजलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखून बघायचं असतं. नुसतं चाखून भागत नाही. चव घेतली, ती कशी होती, याची रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि खाली सही ठोकायची.

“म्हणजे मामा, तू भाजीला मार्क देतोस?” पार्थने विचारलं.

“मार्क नाही रे. शेरा.”

‘शेरा’ हा शब्द मुलांनी आयुष्यभर प्रगतिपुस्तकाच्या चुकीच्या बाजूने वाचलेला असतो. तो आपल्यालाही लिहिता येईल, ही कल्पना पार्थच्या मनात कशी रुजली असेल, ते मी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर दोरीने एक दोनशेपानी वही लटकत होती. आत पट्टीने आखलेले रकाने: तारीख, पदार्थ, करणाऱ्याचं नाव, चव, शेरा, सही. पहिली नोंद माझ्या वरणाची होती. चव: ‘ठीक’. शेरा: ‘सुधारणेस वाव आहे’. हा शेरा त्याच्या गणिताच्या बाईंचा. त्याने तो जसाच्या तसा माझ्या वरणाला लावला होता.

पंधरा वर्षं बिनशेऱ्याचं वरण करणाऱ्या बाईने यावर काय करावं? मी जाहीर केलं, की या घरात शेरा लिहायचा अधिकार फक्त त्यालाच, जो आठवड्यातून एकदा तरी काहीतरी शिजवेल. सातवीतल्या सईने लगेच हात वर केला. पार्थने केला. नवऱ्याने पेपर वर केला.

अशा रीतीने आमच्याकडे मुलांना स्वयंपाक शिकवायला सुरुवात झाली. आमच्या ओट्यापुढे दीड माणूस उभं राहतं. त्यात मी, सासूबाई आणि दोन मुलं. पहिला धडा गॅस पेटवायचा नसून बंद करायचा. कढईचा दांडा बाहेर ठेवायचा नाही, सईची ओढणी खुंटीवर, तापल्या तेलात पाणी उडवायचं नाही, सांडशी हातात आल्याशिवाय पातेल्याला हात लावायचा नाही. हे सगळं सुरळीत पार पडलं. मुलं सूचना ऐकतात. अडचण सूचना देणाऱ्यांची असते.

“आजी, मीठ किती?”

“चवीपुरतं.”

“कोणाच्या चवीपुरतं?”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. साठ वर्षं त्या स्वयंपाक करताहेत. या प्रश्नाला उत्तर असतं, असा संशयही त्यांना कधी आला नसावा. “हाताला जाईल तेवढं घाल,” त्या म्हणाल्या. पार्थने हाताकडे बघितलं. हाताला बरंच जाण्यासारखं दिसत होतं.

मराठी घरातली मापं ही अशी आहेत. चिंच सुपारीएवढी, गूळ लिंबाएवढा (बाजारात लिंबं चार आकाराची असतात), आलं बोटाच्या पेराएवढं, हिंग नखभर, तूप धारेने, आणि आधण ‘उकळी फुटेस्तोवर’ नव्हे तर ‘पाणी बोलायला लागेस्तोवर’. त्यात आमच्याकडे दोन घराण्यांची मापं. सासूबाईंच्या आमटीत गूळ नसेल तर ती आमटी नव्हे. माझ्या माहेरच्या खान्देशी वरणात गूळ पडला तर आईला वाटेल, कोणीतरी चहा सांडला. ‘आमटीत गूळ किती’ या साध्या प्रश्नावर सईला एकाच ओट्यावर, एकाच मिनिटात, ‘लिंबाएवढा’ आणि ‘अजिबात नाही’ अशी दोन उत्तरं मिळाली. तिने वहीत लिहून घेतलं: ‘अर्ध्या लिंबाएवढा’. हा तोडगा आम्हा दोघींना इतक्या वर्षांत सुचला नव्हता, आणि आता सुचला तरी आम्हा दोघींनाही मान्य नाही.

भाताच्या पाण्याचं माप तर प्रसिद्धच आहे. तांदूळ सारखे करायचे, त्यावर बोट टेकवायचं, पाणी पहिल्या पेरापर्यंत. सासूबाईंनी सांगितलं, पार्थने बोट टेकवलं, पेर मोजलं, पाणी ओतलं. भात टचटचीत राहिला. त्या दिवशीची नोंद वहीत अजून आहे. पदार्थ: ‘भात’. चव: ‘कच्ची’. शेरा: ‘बोट लहान आहे’.

या गोंधळावर मराठीत एक उपाय फार पूर्वीच झालेला आहे. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं. त्याची मोठी करामत ही, की त्यात वाट्या आणि चमचे होते. सासूपासून लांब, नोकरीच्या गावी संसार मांडलेल्या किती मुलींनी त्या वाट्यांवर दिवस काढले असतील. मी आमची प्रत खाली काढली. हळदीचे डाग पडलेल्या पानांवरून कुठले पदार्थ खरोखर केले जातात ते कळत होतं. पार्थने पहिली ओळ वाचली आणि विचारलं, “वाटी म्हणजे कुठली?” बरोबर होतं त्याचं. आमच्या मांडणीत लग्नात आलेल्या वाट्या आहेत, बारशाच्या आहेत, एक चांदीची आहे, आमरसाच्या खोल वाट्या आहेत आणि एका शेजारणीची, ताटलीसकट आलेली आणि परत करायची राहिलेली.

शेवटी नवऱ्याने ऑनलाइन वजनकाटा मागवला. या मोहिमेतला हा त्याचा पहिला सहभाग. चपटा, काचेचा, आकडे उजळणारा काटा आला आणि सगळ्यांत आधी त्यावर आजीची चिमूट ठेवायची ठरली. सासूबाईंनी मिठाच्या बरणीतून चिमूट उचलली, काट्यावर सोडली. काटा शून्यावर. पुन्हा सोडली. शून्य.

“आजी, तू काहीच घातलं नाहीयेस,” पार्थ म्हणाला.

“मग काल कोशिंबीर आळणी लागली का?”

नव्हती लागली. वहीत ‘उत्तम’ असा शेरा होता. काटा ग्रॅमच्या खालचं बोलत नव्हता, आणि सासूबाईंचा कारभार त्याच्या खाली चालतो. मग सईने तांदूळ पुढे केले. “आजी, एक मूठ घे.” सासूबाईंनी मूठ घेतली, वाटीत टाकली, सईने आकडा लिहिला. दुसरी मूठ. तिसरी. मुठी न बघता, माझ्याशी धुण्याच्या बाईबद्दल बोलता बोलता टाकलेल्या. आकड्यांत दोन-तीन ग्रॅमचा फरक. नवऱ्याने काटा उलटा करून तळाला बघितलं, बंद करून चालू केला, पुन्हा मूठ मागितली. आकडा तोच. “अंदाजपंचे म्हणता ना मला,” सासूबाई म्हणाल्या आणि मूठ पुसून टीव्ही बघायला गेल्या. पार्थने मग आपली मूठ मोजली. प्रत्येक वेळी वेगळी. एकदा तर पहिलीच्या निम्मी, कारण मध्येच त्याला शिंक आली.

हा अंदाज कुठल्या पुस्तकात मिळत नाही, आणि तो हातात यायचा तर आधी पुष्कळ खारट, पुष्कळ आळणी आणि थोडं करपलेलं घरच्यांना खावं लागतं. इथेच आपण मोठी माणसं कमी पडतो. मुलगी कांदा चिरत असते. एक फोड बोटाएवढी जाड, दुसरी कागदाएवढी. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा. घड्याळात आठ वाजलेले. आपण तीस सेकंद बघतो, चाळीस सेकंद बघतो, मग आपल्या तोंडून ते वाक्य निघतं: “दे इकडे.” दोन शब्द. या दोन शब्दांनी या महाराष्ट्रात जेवढ्या मुलांचा स्वयंपाक बंद पाडला असेल, तेवढा गॅसच्या टंचाईनेही पाडला नसेल. मारिया माँटेसरी 1939 साली भारतात आल्या. त्यांच्या पद्धतीत पाणी ओतणं, सोलणं, निवडणं, पुसणं हेच लहान मुलांचे धडे असतात. मोठ्या माणसाने मध्ये हात घालायचा नाही, मूल आपल्या गतीने करेल तोवर थांबायचं. पद्धत उत्तम आहे. पण माँटेसरीबाईंच्या मागे 8.12 ची फास्ट लोकल नव्हती.

म्हणून आमचा वर्ग रविवारी भरतो. फोडणीच्या दिवशी पार्थने परातीची ढाल केली आणि लांबून, हात ताणून मोहरी टाकली. मोहरी तडतडल्याशिवाय जिरं नाही, जिऱ्यानंतर हिंग, हळद सगळ्यांत शेवटी कारण ती लगेच जळते, हा क्रम त्याने दोनदा चुकवून मग पाठ केला. कुकरच्या शिट्ट्यांवर तर घरात मतैक्य होणं शक्यच नसतं. सगळे मोजतात, आणि कोणाचाही आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. पार्थने तक्ता केला: तूरडाळ चार शिट्ट्या, बटाटे तीन, राजमा ‘आजीला विचारा’. सईच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा इथे खरा उपयोग झाला. वाफ कोंडल्यामुळे कुकरमधलं पाणी शंभराऐवजी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडल्याची वर्दी. अन्न शिट्टीने शिजत नाही, तापलेल्या पाण्यात जितका वेळ राहील त्याने शिजतं. “हेच मी सांगते,” सासूबाई म्हणाल्या, “एक शिट्टी झाली की गॅस बारीक कर आणि देवाची पूजा करून ये.” पूजेला नक्की किती वेळ लागतो, हे सईने घड्याळ लावून मोजलं. सासूबाईंना ते आवडलं नाही. त्या दिवशी पूजा जरा लांबली आणि डाळीचं पिठलं झालं.

एक निरीक्षण इथे नोंदवून ठेवते. पार्थने पहिल्यांदा पोहे केले, त्याचा फोटो नवऱ्याने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. टाळ्या, अंगठे, पुष्पगुच्छ. नागपूरच्या आत्याने ‘मास्टरशेफ’ लिहिलं. त्यानंतरच्या रविवारी सईने भात, आमटी, कोबीची भाजी आणि कोशिंबीर असा अख्खा स्वयंपाक केला, तेव्हा त्याच आत्याचा मेसेज आला: ‘अरे वा, शिकली का? बरं झालं.’ मुलाच्या पोह्यांना कौतुक, मुलीच्या पूर्ण स्वयंपाकाला पोचपावती. सईने यावर काही म्हटलं नाही. वहीत मात्र पुढच्या आठवड्यात आत्या राहायला आली तेव्हा तिच्या उपम्यापुढे शेरा पडला: ‘अरे वा. बरं झालं.’

मुलं शिजवायला लागली की प्रश्न विचारायला लागतात, आणि हे प्रश्न ओट्यापुरते राहत नाहीत. ते डब्यांत शिरतात. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते, म्हणजे जे सगळ्यांत जास्त ते सगळ्यांत आधी. हा कायदा मुलांना कळला, तो दिवस आमच्या घरातल्या मोठ्यांना जड गेला. पार्थने आजीचं भिंग घेतलं, कारण ती यादी छापणाऱ्याने ती कोणी वाचावी या हेतूने छापलेली नसते. सासूबाईंची ‘पचनाला चांगली’ बिस्किटं: पहिला मैदा, मग पामतेल, मग साखर. नवऱ्याचा तपकिरी ब्रेड: पहिला मैदा. तपकिरी कशाने, ते यादीच्या शेवटी कॅरामल नावाने बसलं होतं. माझ्या ‘मल्टिग्रेन’ चकल्यांमध्ये बारा धान्यांची नावं होती, पण ती सगळी एकत्र होऊन तेलाच्या मागे उभी होती.

“आजी, हे बिस्किट नाही, हा मैदा आहे.”

“असू दे. चहात बुडवल्यावर मैदा कळत नाही.”

मग मिठाचा हिशेब निघाला. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही पाच माणसं. पाच पंचे पंचवीस, पंचवीस गुणिले तीस, महिन्याला साडेसातशे ग्रॅम. पार्थने किराणामालाची यादी काढली. मिठाची एक किलोची पिशवी दर महिन्याला. शिवाय पापड, लोणचं, फरसाण, आणि नवऱ्याच्या कपाटातली खाऱ्या शेंगदाण्यांची बरणी, जी फक्त हिशेबाच्या निमित्तानेच सर्वांसमोर उघड झाली. गुणाकार शाळेत शिकवू नयेत, असं मला प्रामाणिकपणे वाटू लागलं आहे.

आहाराचं सरकारी चित्र सईने छापून आणलं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ताटाचं चित्र आहे: जवळजवळ अर्धं ताट भाज्या आणि फळांचं. सासूबाईंनी चष्मा लावून ते निरखलं. “यात मीठ कुठे वाढलंय?” त्यांनी विचारलं. मग त्यांनी मुलांना आपलं ताट समजावलं. वर डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात, वर वरण. डावीकडचं बोटाने चाटायचं, उजवीकडचं जेवायचं. चटणीची जागाच ठरलेली, ती पसरून पोळीपर्यंत आली की वाढणारीचं चुकलं. मला हे ताट त्या चित्रापेक्षा जास्त पटतं, कारण ते सांगत बसत नाही, जागा आखून देतं. पण सई हुशार आहे. तिने आमच्या रोजच्या ताटात भाजी किती आणि पोळी-भात किती, ते वजनकाट्यावर ठेवलं. डावी-उजवी दोन्ही बाजू मिळूनही भाजी अर्ध्या ताटाच्या जवळपास येईना.

“आई, भाजी दुप्पट करायला पाहिजे.”

ज्यांनी या सूचना लिहिल्या, त्यांच्या घरी गवार कोण मोडतं, हे मला एकदा बघायचं आहे. पोळी वाढवायची तर दोन गोळे जास्त लाटायचे. भाजी दुप्पट करायची म्हणजे अर्धा किलो गवारीच्या शिरा काढायच्या, मेथीची जुडी निवडायची, पालकातली माती तीन पाण्यांनी धुवायची. मी गवारीची पिशवी, परात आणि दोन्ही मुलांना टीव्हीसमोर बसवलं. एका क्रिकेट सामन्याच्या बारा षटकांत गवार मोडून झाली. एरवी ताटाच्या कडेला ढकलली जाणारी ती भाजी त्या रात्री संपली. वहीत लिहिलं गेलं: ‘गवार. चव बरी. शेरा: मी स्वतः मोडली आहे, बाबांनी टाकू नये.’ बाबांनी टाकली नाही. माझ्या भावाच्या शाळेतल्या मेथीचं रहस्य मला त्या दिवशी कळलं.

अर्थात ज्ञान दुधारी असतं. तांदूळ-गव्हात लायसिन नावाचा घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. म्हणून वरण-भात, खिचडी, डाळ-पोळी ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. नवऱ्याने प्रथिनांच्या पावडरीचा जो डबा आणून ठेवला आहे, त्याला उद्देशून मी हे मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. पार्थने ऐकलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, “म्हणजे पुरणपोळीत गहू पण आहे आणि हरभरा डाळ पण आहे.” हो. “वर दूध.” हो. “मग ती चौरस आहार आहे.” परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला शब्द त्याने असा खिंडीत गाठून वापरला. गुळाचा मुद्दा मी काढला. त्यावर तो म्हणाला, की आजी आमटीत घालते तेव्हा चालतो.

सगळ्यांत मोठा प्रसंग मात्र पोह्यांचा. त्याच मार्गदर्शक सूचनांत सईला दोन गोष्टी सापडल्या. आंबट फळातलं ‘क’ जीवनसत्त्व अन्नातलं लोह शरीरात घ्यायला मदत करतं, तेव्हा पोह्यांवर लिंबू पिळणं अगदी योग्य. इथवर ठीक. दुसरी गोष्ट अशी, की चहातली टॅनिनं हेच लोह अडवतात, म्हणून जेवणखाणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा घेऊ नये.

मराठी माणसाला पोह्यांबरोबर चहा घेऊ नका म्हणून सांगायचं? स्थळं बघायला गेलेल्या किती पिढ्यांनी एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात कप धरून आयुष्याचे निर्णय घेतले आहेत. रविवारी सकाळी पार्थने पोहे केले, सईने प्रत्येक बशीत लिंबाची फोड ठेवली आणि चहाचं पातेलं उचलून वरच्या फळीवर ठेवून दिलं. सासूबाई आणि नवरा यांचं एखाद्या विषयावर एकमत झालेलं मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं.

“चहा कुठाय?”

“तासाभराने, बाबा. लोह जातं.”

“जाऊ दे. माझ्याकडे आहे भरपूर.”

“आजीचं हिमोग्लोबिन कमी आहे. डॉक्टरांनीच सांगितलंय.”

डॉक्टरांचं नाव आल्यावर सासूबाई गप्प झाल्या. त्यांनी पोहे खाल्ले, लिंबू पिळून खाल्ले, बशी धुवायला टाकली आणि घड्याळाकडे बघत बसल्या. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी नियमाचा नीट अभ्यास केलेला होता. सहा वाजता उठून त्यांनी एक चहा घेतला, कारण पोहे सातनंतर होते. पोहे झाले. साडेआठला दुसरा चहा, कारण तास उलटून गेला होता. नवऱ्याने दोन्ही वेळा साथ दिली. पूर्वी आमच्याकडे रविवारी सकाळी एक चहा व्हायचा, आता नियमाप्रमाणे दोन होतात. साखरेचा हिशेब पार्थने अजून काढलेला नाही. मी त्याला आठवण करणार नाही.

गेल्या रविवारचा दुसरा चहा नवऱ्याने केला, कारण वहीत शेरा लिहायची त्याला फार हौस आली होती आणि माझी अट अजून लागू होती. त्याने आलं किसलं, दूध उतू घालवलं, ओटा पुसला, कप भरले आणि वहीत स्वतःच्याच चहापुढे ‘उत्कृष्ट’ लिहून झोकदार सही केली. सासूबाईंनी घोट घेतला. आजवर त्यांनी त्या वहीला हात लावला नव्हता. उठून फ्रिजपाशी गेल्या, दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली, ‘उत्कृष्ट’वर एक आडवी रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘आलं कमी. पुन्हा करून दाखवणे.’